अर्ध्या टनाची फिरती क्रेन: हुकाला लटकलेला भार जमिनीपर्यंत पोहोचतो कसा?

चौकात ट्रान्सफॉर्मर चढवायला किंवा उलटलेला ट्रक सरळ करायला जी पिवळी क्रेन येते, तिची कंपनी कुठलीही असो, सगळे तिला हायड्राच म्हणतात. अंगावर ठळक अक्षरांत '१४ टन' लिहिलेलं असतं. तीच क्रेन बूम, म्हणजे भार उचलणारा पुढचा लांब हात, पूर्ण लांबवून त्याच्या निम्मंसुद्धा वजन उचलायला गेली, तर मागची चाकं जमीन सोडू लागतात. बघे म्हणतात, क्रेन जुनी झाली असणार. पण ती नवीकोरी असती तरी हेच झालं असतं. १४ टन हा आकडा बूम आखडून भार अगदी अंगाजवळ धरला तरच खरा असतो.

हाच घोळ लहान मापात इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्येही होतो. डिप्लोमाच्या कॅपस्टोन प्रोजेक्टला किंवा बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला 'पोर्टेबल क्रेन' घेणारे ग्रुप भरपूर असतात. विषय सोपा वाटतो: चार पाइप, एक जॅक, चार चाकं. चौघांत भाग वाटून घेतात. एकाचा बूम, दुसऱ्याचा खांब, तिसऱ्याचा पाया, चौथ्याचा जॅक. भाग असे वाटता येतात, भार वाटता येत नाही. तो हुकातून बूममध्ये, बूममधून पिनेत, पिनेतून खांबात, खांबातून पायात आणि शेवटी चाकातून फरशीत जातो. दरवेळी त्याचा आकडा बदलतो. अशी क्रेन मोडते ती बहुतेक दोन भागांच्या मधल्या जोडावर, कारण तो जोड कुणाच्याच वाटणीला आलेला नसतो.

हा प्रवास आकड्यांनिशी पाहू.

नेमकं काय बनवायचं आहे?

गॅरेजमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स काढायला जी घडीची क्रेन वापरतात, ती डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर पुढे पसरलेले दोन पाय, मागच्या बाजूला उभा खांब, त्याच्या डोक्यावर बिजागरीसारखा हलणारा बूम, बूमच्या टोकाला हुक, आणि खांब व बूम यांच्यामध्ये तिरका बसवलेला हायड्रॉलिक जॅक.

आपली मापं अशी धरू. भार ५०० किलो. बिजागरीपासून हुकापर्यंत बूम १२०० मिमी. बिजागरीची उंची १५०० मिमी. जॅकचं वरचं टोक बूमला बिजागरीपासून ४०० मिमीवर, खालचं टोक बिजागरीच्या ७०० मिमी खाली आणि खांबाच्या मध्यापासून ६० मिमी पुढे. पुढची चाकं खांबाच्या १४०० मिमी पुढे, मागची २०० मिमी मागे. दोन्ही पायांमधलं अंतर ८०० मिमी. सगळं मिळून क्रेनचं स्वतःचं वजन ११० किलोच्या आसपास येतं.

'पोर्टेबल' म्हणजे काय, हेही पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. फरशीवर ढकलत न्यायची, पाय दुमडून भिंतीला लावायची, की सुटी करून टेम्पोत टाकायची? तिसरा पर्याय घेतला तर जोड वाढतात, आणि जोड वाढले की डोकेदुखीही वाढते. वर्कशॉपसाठी दुमडणारे पाय पुरतात.

अर्धा टन बूमला अर्धा टन वाटत नाही

पहारीने दगड उचकटणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पहार जितकी लांब धरू तितका कमी जोर पुरतो. क्रेनमध्ये नेमकं उलटं होतं. भार लांबच्या टोकाला आहे आणि जोर लावणारा जॅक बिजागरीच्या जवळ, म्हणजे पहार चुकीच्या टोकाला धरल्यासारखं.

बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला मोमेंट म्हणतात. हा शब्द पुढे सारखा येणार आहे. बूम आडवा असताना बिजागरीभोवतीचा मोमेंट ५०० × १.२ = ६०० किलोग्रॅम-मीटर. जॅक तिरका आहे, त्यामुळे बिजागरीपासून त्याच्या रेषेचं काटकोनातलं अंतर ४०० नाही, ३६० मिमी भरतं. ६०० भागिले ०.३६, म्हणजे जवळपास १६७० किलो. अर्धा टन उचलायला जॅकला पावणेदोन टनांच्या घरात ढकलावं लागतं.

मग बूम वर गेल्यावर काय होतं? भार खांबाच्या जवळ येतो, म्हणजे जॅकचं काम हलकं होत असेल, असा सगळ्यांचा अंदाज असतो. तो चुकतो. बूम ४५ अंशांवर गेला की हुकाचं आडवं अंतर १.२ वरून ०.८५ मीटरवर येतं खरं, पण जॅक बूमला जास्त समांतर होत जातो आणि त्याचा हात, म्हणजे तेच काटकोनातलं अंतर, ३६० वरून २१३ मिमीवर घसरतो. आता गणित मांडा: जॅकवर जवळपास २००० किलो. सर्वांत वाईट स्थिती आडव्या बूमची नसून ४५ ते ५० अंशांच्या दरम्यानची आहे. बूम, पाय आणि पुढे उलटण्याचा धोका यांच्यासाठी मात्र आडवा बूमच वाईट. म्हणून एकच स्थिती धरून अख्खं डिझाइन करू नका. पाच-पाच अंशांनी एक्सेलमध्ये तक्ता करा. तासाभराचं काम आहे.

यावर झटक्याचे २५ टक्के चढवा. जॅकचा रिलीज स्क्रू भसकन सोडून पुन्हा आवळला की खाली येणारा भार गचकन थांबतो. पुस्तकी हिशेबाने, वजन हळूहळू न ठेवता एकदम सोडलं तर ताण दुप्पट होतो, आणि वरून पडलं तर त्याहून जास्त. २५ टक्के हे स्क्रू हळू फिरवणाऱ्या माणसासाठी आहेत. जॅकच्या पिनेवरचा डिझाइनचा आकडा आता अडीच टन झाला.

'मोठा जॅक लावला की झालं ना?'

जॅक ही या क्रेनमधली सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. अडीच टन लागतात आणि बाजारात आठ टनांचा सहज मिळतो. अडचण येते ती लांबीची आणि कलण्याची.

ट्रकवाल्यांचा बॉटल जॅक उभा वापरायला बनवलेला असतो. तो तिरका केला की आतलं तेल पंपाच्या तोंडापासून सरकतं आणि जॅक हवा ओढू लागतो. दांडा मारत राहा, भार हलत नाही. शिवाय त्याचा दट्ट्या बाहेर येतो साधारण १२ ते १५ सेंटिमीटर. आपल्या मापात १२-१३ सेंटिमीटरला बूम २२ अंश फिरतो आणि हुक ४५ सेंटिमीटर चढतो. गाडीतून इंजिन बाहेर काढायला ते पुरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे पिनेसाठी भोकं, असलेला लाँग-रॅम जॅक घ्या, जो अशा क्रेनसाठीच मिळतो. वरच्या मापांत बूम उणे ३० पासून ४५ अंशांपर्यंत न्यायचा तर जॅकची लांबी ५७६ पासून १००८ मिमीपर्यंत बदलावी लागते. जॅक आधी विकत आणा, मिटलेली आणि उघडलेली लांबी टेपने मोजा, आणि मगच ब्रॅकेटची जागा ठरवा. ब्रॅकेट आधी वेल्ड करून जॅक नंतर शोधायला निघालेला ग्रुप शेवटी ब्रॅकेट कापायला ग्राइंडर शोधतो.

आणि हो, आठ टनांचा जॅक लावला म्हणून क्रेन आठ टनांची होत नाही. उलट धोका वाढतो. दोन टन उचलायला गेलं तरी जॅक कुरकुरत नाही, बूम आधी वाकतो.

बूमसाठी जाड पाइप घ्यायचा की मोठा?

बूम सर्वांत जास्त वाकतो तो जॅकच्या पिनेपाशी. तिथून हुक ८०० मिमी पुढे. ५०० × ०.८ = ४००, झटक्यासह ५०० किलोग्रॅम-मीटर.

पाइप किती वाकणं सोसेल हे त्याच्या सेक्शन मॉड्युलसवर ठरतं. काटछेदाचा आकार वाकायला किती विरोध करतो, त्याचं हे माप, घन सेंटिमीटरमध्ये. मोमेंटला आधी साधारण दहाने गुणा (किलोचे न्यूटन होतात), मग मॉड्युलसने भागलं की पोलादातला ताण मिळतो, मेगापास्कलमध्ये. ७५ × ७५ × ४ मिमीच्या चौकोनी पाइपचं मॉड्युलस साधारण २४. ताण येतो २०० च्या वर. १०० × १०० × ४ चं साधारण ४५. ताण ११० च्या आसपास. १०० × ५० × ६ चा पाइप हातात घेतला की दणकट वाटतो, पण त्याचं मॉड्युलस फार तर ४० आणि वजन मीटरला साडेबारा किलो. १०० × १०० × ४ मीटरला पावणेबारा किलो, म्हणजे हलका असून जास्त ताकदवान. पोलाद मध्यरेषेपासून जितकं लांब, तितकं वाकण्याविरुद्ध कामाचं.

११० चांगला की वाईट, ते पाइप कुठला आहे यावर अवलंबून. आयएस ४९२३ या भारतीय मानकाप्रमाणे बनलेल्या पाइपवर वायएसटी २१०, २४०, ३१० अशी ग्रेड छापलेली असते. तो आकडा म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण. ३१० च्या पाइपला ११० म्हणजे पावणेतीन पट राखीव. भंगारातून आणलेल्या, छाप पुसलेल्या पाइपला २१० धरा, मग राखीव दुपटीच्या आत येतं. गेटा-ग्रिलवाल्यांकडचा पाइप चार मिमी म्हणून मिळतो आणि व्हर्नियर लावला की साडेतीन भरतो, तेव्हा कापायच्या आधी मोजून घ्या.

पिन कुणाचीच नसते

या लेखात एकच परिच्छेद वाचायचा असेल तर हा वाचा.

जॅकच्या वरच्या टोकाची पिन रिपोर्टमध्ये बहुतेक अशी तपासलेली असते: पिन २० मिमीची, दोन ठिकाणी कातरली जाणार, क्षेत्रफळ ६२८ चौरस मिमी, बल २५ हजार न्यूटन (म्हणजे तेच अडीच टन), ताण ४० मेगापास्कल. 'डिझाइन इज सेफ.' मग प्रत्यक्षात पिन केळ्यासारखी का वाकते?

कारण पिन १०० मिमीच्या बूमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत भोक पाडून आरपार घातलेली असते आणि जॅकचा डोळा मधोमध एकटा ढकलत असतो. अशी पिन कातरली जाण्याआधी तुळईसारखी वाकते. मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर भागिले चार: २५,००० × १०० ÷ ४. त्याला २० मिमीच्या गोल सळईच्या मॉड्युलसने, म्हणजे ७८५ घन मिमीने भागा. येतात जवळपास ८०० मेगापास्कल. पिनेसाठी नेहमी वापरतात ते ईएन-८ जातीचं पोलाद साध्या स्थितीत याच्या निम्म्या ताणालाही टिकत नाही. पिन २५ मिमीची केली तरी ४०० च्या वर राहतो.

उपाय पिन जाड करण्यात नाही, आधार जवळ आणण्यात आहे. बूमच्या खाली १० मिमीच्या प्लेटचे दोन कान वेल्ड करा, जॅकचा डोळा त्यांच्यात जेमतेम बसेल इतके जवळ. आधारांमधलं अंतर ३० मिमीवर आलं की २५ मिमीच्या पिनेत ताण १२० च्या आसपास उतरतो. खर्च वाढला तो प्लेटच्या दोन तुकड्यांचा.

कानाचं भोक कडेच्या फार जवळ नको. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या निदान दीडपट, म्हणजे २५ च्या पिनेला ४० मिमी. पिनेच्या जागी पूर्ण आट्यांचा बोल्ट घालू नका. आटे भोकात कानशीसारखे घासतात आणि भोक लांबट होतं. साधी गोल पिन, एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला वॉशर आणि स्प्लिट पिन.

खांबाच्या मुळाशी नुसतं वेल्डिंग पुरत नाही

जॅक कितीही खाली-वर सरकवला तरी खांबाच्या मुळाशी येणारा मोमेंट तोच राहतो: ६०० किलोग्रॅम-मीटर, झटक्यासह ७५०. जॅक आणि बिजागरी यांच्यातली ओढाताण खांबाच्या वरच्या भागातच मिटते, खाली पोहोचतो तो फक्त भार गुणिले अंतर. १०० × १०० × ५ चा खांब घेतला तर ताण १४० च्या आत राहतो. खांब ठीक आहे.

वेल्ड ठीक नाही. खांबाभोवती चारही बाजूंनी ५ मिमीचं फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेलं त्रिकोणी वेल्ड) मारलं, तर त्याची कामाला येणारी जाडी भरते ३.५ मिमी. त्या चौकटीवर ७५० किलोग्रॅम-मीटर टाकले की ताण १६० च्या जवळ जातो, आणि नेहमीच्या वेल्डसाठी आयएस ८१६ प्रमाणे परवानगी आहे साधारण ११० ची. म्हणजे खांब मजबूत, पाया मजबूत, आणि दोघांना जोडणारी रेघ कच्ची. पुढच्या-मागच्या बाजूंना ८ मिमी प्लेटची त्रिकोणी गसेट लावा आणि खांबाच्या अर्ध्या उंचीवरून मागच्या चाकांच्या आडव्या तुळईपर्यंत दोन तिरके टेकू द्या. कुडाच्या घराची मेढ नुसती पुरून उभी राहत नाही, तिला टेकू लागतो, तसंच.

पाय बारीक का चालत नाहीत?

पाय जमिनीलगत असतात म्हणून ते फक्त चाकं धरण्यापुरते आहेत असं वाटतं आणि तिथे ५० × ५० × ३ चा पाइप बसतो. हिशेब करा. हुक पुढच्या चाकांपासून जेमतेम २०० मिमी मागे आहे, त्यामुळे ५०० पैकी साधारण ४४० किलो पुढच्या दोन चाकांवरच जातात. क्रेनच्या वजनाचे ४० धरून एका चाकावर २४० किलो. हे चाक पायाला १.४ मीटर लांबून वर ढकलतंय. ३३६ किलोग्रॅम-मीटर, झटक्यासह ४२०. ५० च्या पाइपमध्ये ताण ५०० च्या पुढे जातो. पाय मुळाशी चेपतो. ७५ × ७५ × ५ घेतला तर १४५. पायाला बूमच्या तोडीचं काम आहे, फक्त ते कुणाच्या नजरेत भरत नाही.

चाकं निवडताना २४० किलोची घेऊ नका. फरशी सपाट नसते. चारपैकी एक चाक अधांतरी राहिलं की दुसऱ्यावर जास्तीचा बोजा पडतो. पुढची चाकं निदान ४०० किलोची हवीत. व्यासही बघा. ५० मिमीचं चाक फरशीच्या खाचेत किंवा सेंटिमीटरभर खडीच्या दाण्यापुढे अडतं. क्रेन थांबते, लटकलेला भार थांबत नाही, तो पुढे झोका घेतो. ढकलताना क्रेन पुढे कलंडते ती अशी. १०० मिमीचं चाक खाच सहज पार करतं, पण मग पाय उंच होतो आणि गाडीखाली जात नाही. दोन्ही एकदम मिळत नाही. आधी गाडीखालची मोकळी उंची मोजा, मग त्यात बसेल ते सर्वांत मोठं चाक घ्या.

'पाय आखूड करून मागे वजन ठेवलं तर?'

हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. मशीनचा पाया जमिनीलगत बंद असेल तर पाय खाली सरकतच नाहीत. पाय ९०० मिमीचे केले असं धरा. आता हुक चाकांच्या ३०० मिमी पुढे लोंबतो. उलटवणारा मोमेंट ५०० × ०.३ = १५०. क्रेनला सावरणारं तिचं स्वतःचं वजन: ११० किलो, चाकांपासून सरासरी ६०० मिमी मागे, म्हणजे ६६. मागे जास्त माल भरलेली बैलगाडी उलाळ होते, तशी ही क्रेन पुढे जाते.

सावरणारा मोमेंट उलटवणाऱ्याच्या निदान दीडपट हवा असं धरलं तर २२५ लागतात. उरलेले १५९ मागून आणायचे. खांबाच्या २०० मिमी मागे वजन ठेवलं तर चाकांपासून त्याचा हात १.१ मीटर, म्हणजे १४५ किलो. क्रेन २५५ किलोची झाली. आता तिला 'पोर्टेबल' म्हणायचं का, ते ज्याला ढकलायची आहे त्याला विचारा.

बाजूचा झोका

आतापर्यंतचं गणित भार सरळ खाली लोंबतोय असं धरून केलं. प्रत्यक्षात तो झुलतो, किंवा कुणीतरी तो बाजूला ओढून जागेवर बसवत असतो. क्रेनच्या मध्यापासून बाजूच्या कडेपर्यंत ४०० मिमी आहेत. ६१० किलोंचं एकूण वजन तिला २४४ किलोग्रॅम-मीटरने सावरतं. बूम आडवा असताना साखळी साधारण १८ अंश बाजूला गेली की ते संपतं. बूम ४५ अंशांवर नेला की टोक २.३५ मीटर उंच जातं, आणि मग १२ अंशच पुरतात. मीटरभर साखळीला १२ अंश म्हणजे वीतभर झोका. म्हणून भार हलवताना तो शक्य तितका खाली ठेवायचा, आणि हाताने धरण्याऐवजी दोरी बांधून आवरायचा.

मोठ्या क्रेनही याच हिशेबाला चुकतात. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत मिलवॉकी इथे स्टेडियमच्या छताचा चारशे टनांहून जड तुकडा उचलताना 'बिग ब्लू' नावाची प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. छताच्या त्या पसरट तुकड्यावर वाऱ्याचा जो आडवा रेटा आला, तो हिशेबात धरलेला नव्हता.

'सॉफ्टवेअरमध्ये तर सगळं निळं दिसतंय'

दिसणारच. ताण काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चित्रात निळा रंग म्हणजे कमी ताण. पण पायाचा तळ 'फिक्स्ड' केला की सॉफ्टवेअर समजतं की क्रेन काँक्रीटमध्ये पुरलेली आहे, आणि ती उलटण्याचा प्रश्नच मिटतो. सगळे जोड 'बाँडेड' ठेवले की पिन आणि कान एकाच पोलादाचे ओतलेले आहेत असं ते समजतं. वाकणारी पिन त्याला दिसतच नाही. आणि वेल्ड? ते मॉडेलमध्ये बहुतेक काढलेलंच नसतं. चित्र निळं आलं तर आधी चाकांच्या प्रतिक्रिया, म्हणजे फरशी प्रत्येक चाकाला किती वर ढकलते, ते बघा. हातच्या हिशेबात पुढच्या चाकाला २४० आणि सॉफ्टवेअरमध्ये भलतंच काही आलं, तर रंगांकडे बघूच नका.

मग काम वाटायचं कसं?

भाग वाटा, पण त्याआधी एका कागदावर सगळ्यांनी मिळून भाराचा प्रवास लिहा. प्रत्येक जोडाला एक ओळ: बल किती, कुठल्या दिशेला, बूमच्या कुठल्या कोनाला सर्वांत जास्त, कुठून आलं, कुठे गेलं. मापं बदलली की आधी हा कागद बदलायचा, मग ड्रॉइंग. जोडाच्या मालकीचा नियम साधा ठेवा: भार ज्याच्या भागात उतरतो, जोड त्याचा. बूम आणि खांब यांच्यातली बिजागरी खांबवाल्याची, खांबाच्या मुळाचं वेल्ड पायावाल्याचं, चाकाचे बोल्टही त्याचेच. जॅकच्या दोन्ही पिना जॅकवाल्याकडे दिल्या तरी चालेल, पण कागदावर नाव हवं.

हुक आणि साखळी कुणीही बनवायची नाही, विकत आणायची. सळई वाकवून वेल्ड केलेला हुक पाहिला की जाणकार गाइड तिथेच प्रोजेक्ट थांबवतो. तोंडाशी कुलपी (सेफ्टी लॅच) असलेला, भार कोरलेला घडीव हुक घ्या. ग्रेड ८० ची ६ मिमी साखळी १.१२ टनांची असते. टेम्पोत माल बांधायची साखळी दिसायला तशीच असते, उचलायला चालत नाही.

फॅब्रिकेशनला देताना दोन गोष्टी सांगा. पहिली, कानांची भोकं आधी पाडून मग कान एकेक करून वेल्ड केले तर उष्णतेने ते फिरतात आणि पिन जात नाही. मग हातोड्याने ठोकून बसवतात. त्याऐवजी सगळ्या कानांतून एकच लांब शाफ्ट घालून ठेवा, टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारा, माप बघा, आणि आलटून-पालटून बाजूंनी वेल्ड पूर्ण करा. दुसरी, चाचणी होईपर्यंत रंग लावू देऊ नका. रंगाखाली तडा दिसत नाही.

चाचणी: पाण्याची पिंपं

भार वाढवत न्यायला पाण्याइतकं सोयीचं काही नाही. २०० लिटरची तीन पिंपं एका मजबूत पॅलेटवर बांधा, रिकामीच जमिनीपासून पाच सेंटिमीटर उचला आणि मग पाइपने पाणी सोडत जा. पिंपं आणि पॅलेट आधी तोलून घेतले की किती लिटरला किती भार होतो ते कळतं. १२५, २५०, ३७५, ५०० आणि शेवटी ६२५ किलो, म्हणजे ठरवलेल्या भाराच्या सव्वापट. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबा. बूमच्या टोकाची जमिनीपासूनची उंची सुरुवातीला आणि दहा मिनिटांनी मोजा. नुसता बूम पूर्ण भाराला साधारण ३ मिमी वाकतो. खांब आणि पायांचं वाकणं त्यात मिळून जास्त दिसेल. पण दहा मिनिटांत टोक उतरत राहिलं तर जॅक गळतोय, आणि भार काढल्यावर टोक मूळ उंचीला परत आलं नाही तर कुठेतरी पोलाद कायमचं वाकलंय. चाचणी तिथेच थांबवा, कुठे ते शोधा. शोध पिनांपासून सुरू करा. भार लटकलेला असताना बूमखाली किंवा क्रेनच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

चाचणी संपली की पिना काढून सपाट काचेवर लोळवून बघा. वाकलेली पिन डगमगते. वेल्डवर लाल-पांढरा डाय पेनेट्रंट स्प्रे मारा. केसाएवढा तडा लाल रेघ होऊन उमटतो.

मग नाव-पाटी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे कारखान्यातल्या उचलण्याच्या यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला असावा लागायचा आणि त्याची निदान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागायची. नुसतं '५०० किलो' लिहू नका, '५०० किलो, १२०० मिमीवर' असं लिहा. बूमला ९०० मिमीवर हुकाचं दुसरं भोक दिलं असेल तर तिथे बूमच्या हिशेबाने ८०० किलो चालतील, पण खांबाच्या हिशेबाने ६६० च. पाटीवर लहान आकडा जातो, तोही खाली उतरवून: ६००. अर्थात त्या भोकावर तेवढ्याची सव्वापट चाचणी झाली असेल तरच. आणि हे आकडे पत्र्यावर पंचाने ठोकून घ्या. वर्कशॉपच्या तेलात स्टिकर महिनाभरही टिकत नाही.